नदीकाठच्या बाटलीतला बेडूक

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अंधेरीच्या आपल्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास आला की मी अजून ताठ उभी राहते. तुमचा नियम साधा होता, एका वेळी एकच बाटली उघडायची. मला घाई फार. त्या दुपारी दक्षिण अमेरिकेहून आलेल्या, स्पिरिटमध्ये जतन केलेल्या झाडबेडकांच्या दोन बाटल्या मी एकदमच उघडल्या, एक डोंगरातल्या ओढ्यावरची, दुसरी खाली नदीकाठची. स्पिरिट बदललं, बेडूक परत भरले आणि ट्रेमध्ये एक उरला. दोन्हीकडचे स्पिरिटने सारखेच फिके पडलेले, बोटांना सारख्याच चकत्या. आदल्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलं होतं, त्यामुळे विचारायची हिंमत झाली नाही. नदीकाठची बाटली हाताशी होती, तिच्यात मी तो टाकला.

महिन्याभराने तो तुम्हाला दिसला. भिंग घेऊन दिवसभर तुम्ही त्याच्यावर वाकलेले. डोंगरातली जात खाली नदीवरही राहते, असं तुम्ही लिहिलंत, नकाशावर दुसरा ठिपका आला, निबंध छापला गेला. त्या रविवारी बोरीवलीला तुमच्या स्वयंपाकघरात काकू मला घावनं वाढतायत आणि तुम्ही म्हणताय, "खा गो. तू बाटल्यो धुतलंस म्हणान गावलो तो." मी चौथं घावन मागून घेतलं. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

आता तुमच्या खुर्चीत मी बसते. गेल्या आठवड्यात तिकडच्या एका संशोधक मुलीचा मेल आला. डोंगरातल्या ओढ्यावर आता एकही बेडूक ओरडत नाही, कातडीच्या रोगाने सगळे गेले. आधीच उचलून आणलेले थोडे काचेच्या पेट्यांत जगवलेत, तेवढेच शिल्लक. महिनाअखेरीस ते सगळे नदीवर सोडायचेत, कारण तुमच्या नकाशात तिथे ठिपका आहे. डोंगरातल्या थंडाव्यात वाढलेले हे जीव तिथल्या उष्म्यात मरतील. तिने एवढंच विचारलं होतं, बाटली एकदा तपासून नोंद पक्की आहे का, सांगाल का मॅडम?

तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी गप्प आहे, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. भीती माझीच आहे, त्या दुपारचीच. हे सगळं तिला लिहायला हवं, तुम्हाला नव्हे, तेही कळतं. आज शुक्रवार. परवा मी तिला उत्तर पाठवलं, सर. तपासलं, नोंद पक्की आहे, असं लिहिलं. तिचे लगेच आभार आले. आता थांबायचं कारण नाही, सोमवारीच सोडतो, म्हणाली. बाटली मी उघडलीसुद्धा नव्हती.