स्वरदाचे दोन शब्द

नेहरू नगर, भोपाळ
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंबरीश यास आशीर्वाद. सोनालीला आणि स्वरदालाही. आम्ही दोघं बरी आहोत. थंडी पडायला लागली आहे, आईचे गुडघे तिची वर्दी देतात. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आई शेजारी बसलेली असते, म्हणून पत्र.

तुला न सांगता मी जपानी शिकायला लागलोय. मिसरोदला शमिका नावाची मुलगी शिकवते. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर उभी राहिली, त्यांना वाटलं मीच मास्तर! नागोयात जन्मलेल्या नातीशी बोलायचं तर दुसरा उपाय काय? तिला माझं मराठी कळत नाही, आणि तू मध्ये बसून दोन्हीकडचं सांगतोस.

पण डोकं फिरायची वेळ आली आहे. जपानीचे स्वर पाचच, अ इ उ ए ओ, आणि ऱ्हस्व-दीर्घ आपल्यासारखे. देवनागरीत लिहिलं की काम झालं. पण नाही! वर्गात सगळं इंग्रजी अक्षरांत. एकच लांब ओ, पण पुस्तकात त्याच्या डोक्यावर रेघ, मोबाइलवर त्याच्यापुढे यू आणि दुकानाच्या पाटीवर काहीच नाही. शमिका म्हणते, "काका, देवनागरी नको ना प्लीज, आदत पड जाएगी." पडायची काय राहिली आहे? जन्मभराची आहे. तुझे निरोप तरी काय वेगळे? मराठी, तीसुद्धा इंग्रजी अक्षरांत. मोठ्यानं म्हणून बघितल्याशिवाय मला कळत नाही.

असो. मुद्दा मी मघापासून टाळतोय.

दर रविवारी फोनवर स्वरदा नमस्कार करते आणि तुझ्याकडे वळून म्हणते, "मोऽ ईऽ?" मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "बाबा, तुमची आठवण येते, असं म्हणतेय." तेव्हापासून आम्ही दोघंही तिला तेच म्हणतो. आम्ही म्हटलं की ती पळते. आम्हाला वाटायचं, लाजली.

ते दोन शब्द मी शब्दकोशात शोधत बसलो. लांब ओ कसा लिहायचा तेच ठरेना, म्हणून सापडेनात. शेवटी परवा शमिकाला म्हणून दाखवले. ती हसली. "काका, हे तर छोटी मुलं बोलतात. मतलब, बस हो गया, अब जाऊँ?" मग माझा चेहरा बघून तिनं चहा मागवला.

स्वरदाचा मला राग नाही. पाच वर्षांच्या पोरीनं म्हाताऱ्यांसमोर किती वेळ बसावं? राग तुझा आलाय, आणि चांगलाच आलाय. खरं सांगितलं असतंस तर आम्ही हसलो असतो रे. तुझी आई आता रोज सकाळी स्वरदाच्या फोटोवरची धूळ पुसताना "मोऽ ईऽ" म्हणते. शेजारच्या शशिकलाताईंनाही तिनं शिकवलंय. तिला हे सांगायचा मला धीर होत नाही.

पत्र मिळाल्यानंतरच्या रविवारी स्वरदाला मीच म्हणेन, "मोऽ ईऽ. आसोन्दे ओइदे." पुरे, जा खेळायला. शमिकानं घोटून घेतलंय. मी ते देवनागरीतच लिहून ठेवलंय, तिनं काय हवं ते म्हणो.

एरवी पोरगी पळाली की तूही फोन ठेवतोस. त्या दिवशी ठेवू नकोस. आमच्यासमोर बसून राहा. आईला त्या शब्दांचा अर्थ तूच सांग, आणि आठवण येते हे जपानीत कसं म्हणतात तेही तूच शिकव. मला आता येतं ते. पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

ज्यांना तू अजून पुरे झालेला नाहीस, ते
तुझे बाबा