पडघ्यापर्यंत काचा वर

१४ जून १९९४
हे काल दोह्याला नोकरीवर परत गेले. परवा सं. पाचला नेहमीसारखे दोघंच पडघ्याला चक्कर मारायला निघालो. गाडी जुनी, पण ए.सी.वाली. लोक हसतात, घर पत्र्याचं आणि गाडी थंड! हसोत. घराच्या भिंतीला लागून आमचेच माग, दिवसभर खडाखड. आत सासू, मुलं. शुक्रवारी माग बंद तर पाहुणे चालू. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर काचा वर करून गाडीतच.
परवा मी म्हणणारच होते, आता जाऊ नका. तेवढ्यात पुढून कुरकुर, पट्टा जळल्याचा वास, गरम वारा. काचा खाली कराव्या लागल्या. ट्रकांचे भोंगे. ह्यांनी ओरडून विचारलं, "काय म्हणत होतीस?" म्हटलं, काही नाही, कांदे घ्यायचेत.
घरात पाच किलो कांदे पडलेत. आता दोन वर्षं...

११ डिसेंबर १९९५
पत्र आलं. मेच्या सुरुवातीला येतात, महिनाभर. शेवटी लिहिलंय: "नवा करार बरोबर आणतो, सही तिथंच करून पाठवायची आहे. गाडी ठीक?"
चारदा वाचलं. दर वेळी सहीपाशी अडते. म्हणजे ह्या खेपेला मी बोलले नाही तर हे गेले पुन्हा दोन वर्षं.
गाडी ठीक नाही. तेव्हापासून ए.सी. बंदच.

९ एप्रिल १९९६
भाऊ सलीमबरोबर गाडी धामणकर नाक्यावर नेली. तिथले म्हातारे मेस्त्री म्हणाले, "कंप्रेसर मेला न्हाय अजून, कोरडा पडलाय. त्याचं तेल येगळं आसतं, मुंबईवरनं मागवतो. आठ दिस थांबा. तवर कुनी हात लावू नका."
थांबते. त्यात मी तयार आहे.

१९ एप्रिल
दहा दिवस झाले, तेल नाही. आमचे जॉबर चाचा, तीस वर्षं माग दुरुस्त करतायत. आज त्यांनी बॉनेट उघडलं, कंप्रेसरवर टिचकी मारली. "भाभी, मशीन है, तेल माँगती है. इसमें सोचना क्या?" भिवंडीत कुणालाही पटेल असं बोलणं. मला तर पटायचंच होतं. मागाच्या तेलाची बुधली मीच आणून दिली. चाचांनी बाजूचा बोल्ट खोलून ओतलं. हातानं फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं.
मेस्त्रींना सांगायचं नाही असं ठरलं.

२३ एप्रिल
मेस्त्रींना म्हटलं, आपोआपच मोकळा झाला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, गॅस भरला. चालू!! मागच्या सीटवर एकटी बसले, काचा वर. बाहेर रिक्षावाले भांडताहेत, नुसती तोंडं हलतात. गळ्याशी थंड वारा. हळूच म्हणून पाहिलं, "आता जाऊ नका." स्वच्छ ऐकू आलं.
दहा मिनिटं. मग धाडकन आवाज आणि पट्टा तुटला.

२७ एप्रिल
मेस्त्रींनी कंप्रेसर खोलला. आत काळा चिखल आणि मागावरून उडणाऱ्या रुईचे ओले गोळे. आमच्याकडे भाकरीत रुई असते, तिथं बुधलीची काय कथा. मेस्त्री रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "ताई, मागाला चालतं ते ह्याला न्हाय चालत. आता दुसराच पायजे. जुन्या गाडीचा, गावंल तवा खरा." मुंबईचं तेल फळीवर होतं. डबा सीलबंद, कालच आलेला.
दोन वर्षं थांबता आलं आणि शेवटचा एक आठवडा नाही. चूक माझीच.

३ मे
हे आले. सलीम विमानतळावरून घेऊन आला, कशेळीच्या पुलावर तासभर अडकले. काचा खाली, ह्यांचा शर्ट चिंब. वाळलेत. कानशिलं पांढरी झालीत. शुक्रवार, घर माणसांनी भरलेलं. आमच्यात "पाणी देऊ?" आणि "दे", एवढंच बोलणं. बॅगेत सगळ्यात वर करार.

५ मे
सं. पाच. "चल गो, पडघ्याला."
म्हटलं, गाडी थंड होत नाही आता. तेलाचं सगळं सांगून टाकलं. हे इतके हसले की सासू बाहेर आली.
पडघ्याच्या अलीकडे चिंचेखाली थांबवली. ऊन अजून भाजत होतं. ह्यांनी आपली काच वर केली, मग वाकून माझी. भोंगे लांब गेले. आत नुसती भट्टी.
"तवा कांदे घ्यायचे न्हवते, हाय ना? दोन वर्सं डोक्यात हाय माझ्या. बोल."
मी बोलले. आता जाऊ नका. पुढचं तयार केलेलं सगळं विसरले.
हे समोर बघत राहिले. दोघांच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. किती वेळ बसलो माहीत नाही.
काच मात्र ह्यांनी खाली केली नाही.