चौकटीवरच्या रेघा

३ सप्टेंबर
पोचलो एकदाचा! दोन बॅगा ओढत, कुणाला न विचारता घर शोधलं. परदेशात पहिल्यांदाच आलोय, तरी रस्ता चुकलो नाही. ही वही बाबांनी दिली. निघताना म्हणाले, रोज स्वतःच्या हातानं काय केलंस ते लिही आणि माणूस होऊन परत ये. म्हणजे इतकी वर्षं त्यांनी घरात काय पाळलं होतं कोण जाणे. घरी मी साधं ताट उचललं नाही, पण आईनं तरी कधी उचलू दिलं?

घरमालकीण वयस्कर, एकटी, हसतमुख. तिनं मला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उंची घेतली, निळ्या पेन्सिलीनं रेघ मारली. इथं राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची खूण ठेवते म्हणाली, प्रत्येकाचा रंग वेगळा. काही रेघा पार गुडघ्याशी आहेत. नातवंडांच्या असाव्यात.

स्वतःच्या हातानं: बॅगा आणल्या, अंथरूण घातलं.

१९ सप्टेंबर
वर्गात तोंड उघडलं की माझं त-त-प-प होतं. घरी मात्र चैन आहे. कपडे धुवायला निघालो तर घरमालकिणीनं हातातून घेतले, संध्याकाळी घड्या पलंगावर तयार. डबाही तीच भरते. मी नको म्हटलं, पण अगदी मनापासून नाही. फोनवर आईनं नीटनेटकी खोली पाहिली. मागून बाबा म्हणाले, सुधारला पोरगा. फुकटचं कौतुक कोण नाकारतं?

पँट टाचेखाली येतेय. धुऊन कपडे आटतात, माझे वाढले.

स्वतःच्या हातानं: बुटाची नाडी बांधली.

८ ऑक्टोबर
आज तिनं पुन्हा उंची घेतली. नवी रेघ जुनीच्या खाली आली, चांगली चार बोटं. चुकलीस म्हटलं, तर छान चाललंय म्हणाली.

मग चौकट नीट पाहिली. हिरव्या रेघा माझ्या डोक्याच्या वर सुरू होतात आणि उतरत उतरत गुडघ्याशी संपतात. तांबड्याही तशाच. नातवंडांचं विचारलं. तिला मूलच झालेलं नाही.

स्वतःच्या हातानं: काही नाही.

१५ ऑक्टोबर
कप विसळायला घेतला. तिनं हळूच काढून घेतला आणि मला बरं वाटलं. भीती वाटायला हवी होती. याचीच लाज वाटते.

कॉलेजात कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथं माझ्याकडे बघतं कोण?

२ नोव्हेंबर
घरी सांगितलं, मी लहान होतोय, परत बोलवा. बाबा हसले. एवढ्यात रडायला लागलास? म्हणाले, पाय रोवून उभा राहा. फोनमध्ये फक्त तोंड दिसतं. आई म्हणाली, गाल भरलेत.

फोन तिनंच धरला होता. मला पेलवत —

नोव्हेंबर, तारीख कळत नाही
बॅग हलेना. राहू दे. असाच जातो.

बाहेरच्या दाराची कडी वर आहे. खुर्ची सरकत नाही. उड्या मारल्या — बोटं पोचत नाहीत. वही फरशीवर ठेवून लिहितोय. पेन्सिल मुठीत धरावी लागते.

ती आत भांडी लावतेय. सांगितलं तर कडीही काढून देईल. कशालाच नाही म्हणत नाही ती.

नको. ही स्वतःच्या हातानं —

पुन्हा उडी. पाय दुखतात. भूक लागलीय.

एकच हाक मारतो. फक्त एवढं एक काम सांगतो, मग उद्यापासून सगळं माझं मी —