बाळाकाकांचं वय एकशे साठ

ती. स्व. बाळाकाकांना,

रत्नागिरीहून विनीतचा वाकून नमस्कार. (कंबर मध्येच धरली, तरी नमस्कार पुरा झाला असं समजावं.) तुमचे गुडघे, मधुमेह, कमळाकाकू, सगळं आटोक्यात आहे ना? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला शेजाऱ्यांना सगळं ऐकवायचं नाही, म्हणून हे पत्र. आधीच सांगतो, संकट टळलं आहे. निवांत वाचा.

निवृत्तीनंतर मी खेळांचे जुने फोटो तपासतो, हे तुम्हाला कळलंच असेल. फोटो खरा की नकली, कुठल्या सालचा, ते ठरवून संग्राहकांना सही-शिक्क्याचा दाखला देतो. (शिक्का नवा आहे. समीक्षा त्याला ‘ह्यांचं खेळणं’ म्हणते.) गेल्या आठवड्यात चिपळूणच्या रेडीजशेठनी कबड्डी संघाचा एक फोटो पाठवला. ढालीशेजारी पाटी, पाटीवर खडूने ‘अजिंक्य संघ, १८८४’. कबड्डीचा इतका जुना फोटो आणखी कुणाकडे असणार? भिंग घेऊन बसलो. एकाच्या मनगटावर घड्याळ दिसलं, तो मी ताईत ठरवला. मागचा विजेचा खांब शेंडा मोडलेली पोफळ म्हणून नोंदवला. (एकदा साल आवडलं की डोळे त्याचंच ऐकतात.) दाखला लिहिला, शिक्का ठोकला. रेडीजशेठ तो मुंबईच्या प्रदर्शनात लावणार होते, खाली ठळक अक्षरांत माझं नाव.

ते दाखला न्यायला येणार होते, त्या सकाळी समीक्षा चहा ठेवताना फोटोत डोकावली. “अहो, हे कान आपल्या बाळाकाकांचे नव्हेत काय?” मी हसलो. म्हटलं, मग काका आज एकशे साठ वर्षांचे झाले. तिने कपाळाला हात लावला. “मेलं, ते शके असेल हो! पंचांग बघा जरा!” अठ्ठ्याहत्तर मिळवले, तर एकोणीसशे बासष्ट! ताईत टिकटिकायला लागला, पोफळीला तारा फुटल्या. बाहेर रेडीजशेठची गाडी थांबली, तोवर दाखल्याचे तुकडे बंबात गेले होते. काका, इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहिली ती तुमच्या कानांमुळे. ते ऐकायला नसले तरी ओळख पटवायला कामी आले. समीक्षाचे आभार मानायचे राहिलेत, पण त्याची आठवण ती रोज करून देते.

तुमचा,
विनीत

ता. क. : रेडीजशेठ मुळीच रागावले नाहीत. संघातला खेळाडू हयात आहे म्हटल्यावर उलट खूश झाले. फोटोमागे त्याची सही मिळाली तर नवा दाखला द्या, म्हणतात. रविवारी मी आणि रेडीजशेठ आंजर्ल्याला येतोय. तोवर कृपा करून तब्येतीला जपा. कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या सोमवारी चढा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार, तोच काकूंचा फोन. फोटोचं सांगितलं, तर ह्यांनी जन्मात कबड्डी खेळलेली नाही, म्हणाल्या. एक गडी जुलाब होऊन घरी गेला, तेव्हा संघासाठी लिंबं चिरणाऱ्या तुम्हाला फोटोपुरतं उभं केलं. म्हणजे फोटो खरा, साल खरं, कानसुद्धा खरे, खेळाडू तेवढा खोटा. तेव्हा काका, रविवारी सही नेहमीसारखीच करा, कुणालाही वाचता येणार नाही अशी.