शेजपाळीची वही

आप्पा, आज वर्गात पुन्हा यादीचा धडा होता. सुप्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून नोकरी शोधत होतो, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं राहिलं. या धड्यात यादी हाताळायच्या तयार सोयी शिकवायच्या असतात. अपेंड म्हटलं की नाव शेवटी जोडलं जातं, इन्सर्ट म्हटलं की सांगू तिथे मधे घुसतं, पॉप म्हटलं की शेवटचं नाव निघून हातात येतं, सॉर्ट म्हटलं की सगळी यादी अक्षरांप्रमाणे लागते. आपण डोकं चालवायचं नाही, नुसता शब्द टाकायचा. मुलं खूश होतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, सॉर्ट केल्यावर पयला क्रम परत पायजे असंल तर?" म्हटलं, मिळत नाही. रिव्हर्स केलं तर यादी उलटी होते, पहिल्यासारखी होत नाही. आधी कॉपी काढून ठेवावी लागते. "आन् न्हाई काढली तर?" मी फळा पुसला आणि तास दहा मिनिटं आधी सोडला. दुपारी डबाही उघडला नाही.

तुम्ही पाटकरी होता, कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणारे. कर्जतकडच्या आपल्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, कुणाच्या शेताला कधी पाणी मिळणार, तो ठरलेला क्रम म्हणजे शेजपाळी, आणि ती तुमच्या वहीत असे. युरियाच्या गोणीचं कव्हर घातलेली वही, पानं पाण्यानं फुगलेली, दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात घुसवलेली नावं. चारीच्या शेवटच्या टोकाला, टेलला, पाणी आधी द्यायचं आणि मग वर वर यायचं, हा नियम. पण त्यातही तुमचे बदल होते. टेलच्या मावशींचं नाव सगळ्यात वर होतं. "एकटी बाई हाय, अंधारात पाण्याला दारं धरायला कोन हाय तिला? तिची पाळी दिवसाच लागली पायजे," असं तुम्ही म्हणायचात. मला मात्र ती वही म्हणजे नुसती खाडाखोड वाटायची.

त्या उन्हाळ्यात तुम्ही चारीच्या भरावावरून घसरलात आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. कालव्याला पाणी सुटायचं आवर्तन तोंडावर आलेलं, बदली माणसाला गाव ठाऊक नाही. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो, नवीनच शिकलो होतो. म्हटलं, मी यादी कंप्युटरवर करून देतो, एक पाळीच्या क्रमानं आणि एक नाव पटकन सापडावं म्हणून अक्षरांच्या क्रमानं. तुम्ही खाटेवरून वही वाचत होता, मी टाइप करत होतो. असे दोन तास तुमच्याजवळ मी पुन्हा कधी बसलो नाही. सकाळी आईनं बंबासाठी कागद मागितला, तर मी ऐटीत वहीच दिली. तुम्ही म्हणालात, "आरं, राहू दे की." मी म्हटलं, आप्पा, आता हिची गरज नाही, सगळं आत सुरक्षित आहे.

सुरक्षित नव्हतं. यादीची कॉपी काढली असं मला वाटत होतं, पण मी फक्त त्याच यादीला दुसरं नाव दिलं होतं. एकीला सॉर्ट केलं, दोन्ही सॉर्ट झाल्या, कारण यादी एकच होती. ही चूक आज माझी निम्मी मुलं करतात आणि मी त्यांच्यावर नको तितका चिडतो.

बदली माणसानं कागदाप्रमाणे पाणी सोडलं, कुणी विचारलं की तुमचीच यादी म्हणून तो कागद दाखवायचा. मावशींचं आडनाव 'ह' वरून, त्यामुळे त्या शेवटी गेल्या आणि त्यांच्यापर्यंत येण्याआधी आवर्तन बंद झालं. शेवटच्या एका पाण्यावर असलेला त्यांचा कांदा उभा करपला. त्या आपल्या ओट्यावर येऊन बसल्या, बदली माणसाकडून आणलेला कागद त्यांनी तुमच्या हातात दिला. "भाऊ, माजी पाळी पयली हुती ना?" तुम्ही कागदाच्या वरच्या टोकाकडे बराच वेळ पाहत राहिलात. मग म्हणालात, "व्हय. माज्याकडून चुकलं, बाई." गावातही तुम्ही तेच सांगितलंत. त्यानंतर पाळीवरून भांडण निघालं की लोक तुम्हाला ती गोष्ट ऐकवायचे, आणि तुम्ही ऐकून घ्यायचात.

मावशी ओट्यावरून उठून गेल्यावर तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, कंप्युटरनं केलं, मला आत्ता कळतंय. "कंप्युटरला कुनी सांगितलं?" एवढंच बोललात आणि कागद घडी करून उशीखाली ठेवलात. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं.

हे पत्र कुणाला द्यायचं नाहीच, तर खरं लिहितो. मला तेव्हा कळलं नव्हतं. पाणी सुटायच्या आदल्या दुपारी कर्जतच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही याद्यांचे छापलेले कागद हातात आले तेव्हाच मी पाहिलं की ते सारखे आहेत. तुम्हाला सगळा क्रम तोंडपाठ होता, अर्ध्या तासात पुन्हा सांगितला असतात. पण वही मीच जाळायला दिली होती आणि मला तुमच्यासमोर चुकायचं नव्हतं. मी दुकानदाराचं पेन मागून घेतलं, एका कागदाच्या वर 'शेजपाळी' असं लिहिलं आणि तोच कागद बदली माणसाला दिला.

कागदाच्या वरच्या टोकाचं ते अक्षर माझं होतं, आप्पा. अक्षर मला तुम्हीच शिकवलंत.