उन्हानं रंग चढत नाही

दारव्हा,
दि. ११ मार्च २०२५

चि. समीक्षास,

मावशीचा सप्रेम जयभीम. तुला आणि तुझ्या लेकीला पोटभर आशीर्वाद. संघदीपरावांना आणि तुझ्या सासूबाईंना, पंचफुलाबाईंना, माझा जयभीम सांग.

तुझ्या घरी फोन आला की तो स्पीकरवरच असतो, आणि मला स्पीकरवर बोलायला सुचत नाही. म्हणून लिहायला बसले. स्केचपेननं लिहिते, अक्षर भोपळ्याएवढं आहे, त्याहून बारीक लिहिलं तर मलाच वाचता येत नाही. फळा दिसत नाही म्हणून शाळेतून काढलेल्या आणि पुढं जुन्या पेपरांत नाक खुपसून वाचायला शिकलेल्या बाईनं एवढं लिहिलं तरी पुष्कळ समज.

मेथीचे लाडू मिळाले असतीलच. राजदीपमामाला सांगितलं होतं, डबा समीक्षाच्या हातात दे, ओसरीवर ठेवून येऊ नको. रोज सकाळी एक खा. कडू लागतो म्हणून अर्धा ठेवायचा नाही.

इकडे चक्की ठीक चालू आहे. मध्यंतरी पट्टा तुटला होता, दोन-चार वेळा. म्हणून तुला बाळंतपणाला आणता आलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं हे मला कळतं. तुझी आई, माझी नलू, गेली तेव्हापासून तू माझ्याच चक्कीच्या पिठात वाढली, तेव्हा तुझं माहेर म्हणजे मीच. पण पट्टा तुटला होता, काय करणार. माझ्या चष्म्याची काडीही मोडली आहे, नाडी बांधून चालवते.

राजदीपमामा तुझ्याकडून आला तो थेट चक्कीवरच. गव्हाच्या पोत्यावर बसला, पाणी प्यायला नाही. मी म्हटलं, "काय रे, पोट्टीचा फोटो तरी दाखव." तर म्हणे, "फोटोत काय पाहतं ताई, आरशात पाह्य."

मी समजले. चक्की बंद केली.

सूर्यमुखी आहे तर. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, अंग दुधासारखं. अगदी माझ्यासारखं. यात घाबरण्यासारखं काही नाही हे मी तुला पहिल्यांदा सांगते. साठ-बासष्ट वर्षं मी या अंगात राहिले. लोकांनी भुरी म्हटलं, चिडवलं, आणि पीठही माझ्याकडूनच दळून नेलं. चक्कीवर तर फार बरं असतं. पीठ उडून गिऱ्हाईकंही पांढरी होतात, त्यात मीच एक साधी दिसते.

पण राजदीपमामानं आणखी एक सांगितलं. तेल चोळून झालं की पंचफुलाबाई बाळीला अंगणात चटईवर उघडी निजवतात, कोवळ्या उन्हात. उन्हानं रंग चढतो म्हणाल्या. बाळंतिणीच्या घरात हे चालतंच, तुलाही मी निजवली होती. पण ही पोर तुझ्यासारखी नाही. बाकी माणसांच्या कातडीत जो काळा रंग असतो ना, तो उन्हाला आडवा येणारा पडदा असतो. हिच्याजवळ तो पडदा नाही. आणि घरातली कामं आटोपता आटोपता तुमचं कोवळं ऊन दहाचं होतं, हेही मला माहीत आहे. तेल आतच चोळा, अंघोळ आतच घाला. सासूबाईंना गोडीनं सांग. त्यांना वाईट वाटेल असं बोलू नको.

मी येईन, पण सध्या जमत नाही. पट्टा अजून नीट बसला नाही. आणि उजव्या कुशीवर झोपता येत नाही, त्यामुळे जीपच्या खडखडाटाचं भेव वाटतं.

तुझी,
वच्छलामावशी

*

दारव्हा,
दि. १९ मार्च २०२५

समीक्षा,

हे पत्र राजदीपमामा तुझ्या हातात देईल. एकटी असताना वाच.

काल तुझा फोन आला. तू म्हणाली, "मावशी, तुले पट्ट्याचीच पडली. माय असती तर चालत आली असती." मागून पंचफुलाबाईंचा आवाज आला, "आमच्या खानदानात असं कोनी नाई बाप्पा, हे तिकूनच आलं." मग तू म्हणाली की बाळीच्या गालांवर आणि कपाळावर फोड आले, रात्रंदिवस रडते, आणि सासूबाई म्हणतात घामोळ्या आहेत, अजून तेल लाव, उन्हानं सुकतील. तेव्हा माझ्या हातातून फोन पडला. फोन तुटला तो त्यामुळे, मी बंद केला नव्हता.

त्या घामोळ्या नाहीत. पोर भाजली आहे. तव्यावर हात लागला की जे होतं तेच झालं, फक्त तवा दिसत नाही. तेल लावू नको, हळद लावू नको, फोड फोडू नको. आज्जच पुसदला लेकरांच्या डॉक्टरकडे ने. संघदीपराव कामावर असतील तर मामा जीप करून देईल, तो थांबायला तयार आहे. डॉक्टरला 'सूर्यमुखी आहे आणि उन्हात ठेवली होती' हे दोन्ही सांग. एक सांगून दुसरं गिळू नको.

आता माझं ऐक. पट्टा तुटला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला खपली धरली. काढली की रक्त, पुन्हा खपली. शेजारची जया म्हणे, "वच्छलाताई, बिबा लावून देतो, आठ दिवसांत झडते." लावून दिला. बिबा उतला, अर्धा गाल सुजून आला. त्यानंतर जे काही होतं ते बिब्यानंच झालं असं मी धरून चालले. तीळ-खोबरं वाटून लावत राहिले. सूज उतरली, जखम मात्र तिथंच. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मी आपली बिब्याला शिव्या देते. शेवटी चक्कीवर दळण घेऊन आलेल्या नर्सबाईनं पाहिलं आणि दळण तिथंच ठेवून माझा हात धरला.

नागपूरला तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. तुला सातवा महिना लागला होता.

तुझं बाळंतपण जवळ आलं तेव्हा मी नागपूरच्या दवाखान्यात होते. कानाचा वरचा भाग काढला, मांडीची कातडी घेऊन तिथं लावली. चष्म्याची काडी मोडलेली नाही पोरी. काडी ठेवायला कान उरला नाही. म्हणून नाडी.

राजदीपमामाला मीच शपथ घातली होती. दोन जिवांची बाई, कायले घाबरवायची, असं आधी वाटलं. आणि तुझी लेक झाली, तो म्हणाला आरशात पाह्य, तेव्हा तर माझं तोंडच बंद झालं. मी तुझ्यासमोर आले असते तर तू एकदा माझ्याकडे पाहिलं असतं, एकदा मांडीवरच्या लेकीकडे. तिच्या पाळण्यात तिचं म्हातारपण आणून ठेवल्यासारखं झालं असतं. मला ते करवलं नाही.

पण काल त्या फोडांचं ऐकलं आणि कळलं की मी तुला दिसायलाच पाहिजे.

डॉक्टरला मी विचारलं, काहून झालं. त्यांनी विचारलं, उन्हात काम किती केलं. मी म्हटलं, आता चक्की आहे, पण तरुणपणी दरवर्षी कापूस वेचायला जात होते. वेचणीला बाया जातात तशीच जायची मी. लुगड्यावर दादाचा फुलबाहीचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. आणि दुपट्टा कानामागून बांधायचा, कारण वेचताना गप्पा चालतात, कान झाकले तर ऐकू काय येणार. बाकी बायांचे कान तसेच उघडे होते, त्यांना काही झालं नाही, म्हणून मलाही काही होत नाही असं वाटलं. लाल व्हायचे, साल निघायची, रात्री आई लोणी लावायची. डॉक्टर म्हणाले, ते भाजणं कातडी विसरत नाही. वरून बरी दिसते, आत साठत जातं, आणि कधीतरी एक दिवस उठतं.

माझ्या बाकी अंगाची कातडीही पाहिली त्यांनी. शर्टाखालचा दंड अजून मऊ आहे, पोरीसारखा. मान, कान, हाताचे पंजे मात्र जुन्या चपलेसारखे. एकच बाई, एकच वय. जे झाकलं ते वाचलं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथं मला रडू आलं. कानासाठी नाही, एवढी साधी गोष्ट होती म्हणून.

म्हणून तुझ्या लेकीचं माझ्यासारखं होईलच असं नाही. नीट झाकली तर होणार नाही. तेवढं तुझ्या हातात आहे.

सध्या ती एवढीशी आहे, तिला ते उन्हाचं क्रीम लावायचं नाही, सहा महिन्यांनंतर डॉक्टरला विचारून लाव. आता फक्त सावली आणि कापड. झबलं फुलबाहीचं, टोपी कान आणि मान झाकणारी. पातळ पांढरं मलमल चालत नाही, ऊन त्यातून येतं. कापड बल्बसमोर धरून पाहा, उजेड आरपार आला की ते आपल्या कामाचं नाही. मी गर्द निळ्या जाड सुती कापडाची तीन झबली शिवून पाठवते आहे, टाके वाकडे असतील. ढग आले म्हणून बाहेर काढायची नाही, आभाळ आलं तरी भाजतं. तुमचं अंगण चुन्यानं पांढरं केलेलं आहे, त्यावरून ऊन उलटून अंगावर येतं, म्हणून ओसरीच्या काठालाही नको. ऊन नाही तर हाडं कशी भरतील असं सासूबाई म्हणतील. त्यासाठी औषधाचे थेंब मिळतात, डॉक्टरला विचार. डोळेही दाखवून ठेव. मला चष्मा फार उशिरा मिळाला, तिला तसं नको.

आणि एक. डॉक्टर म्हणाले, याचं बी आईकडून एक आणि बापाकडून एक, असं दोन्हीकडून आलं तरच लेकरू असं होतं. म्हणजे संघदीपरावांच्या खानदानातही आहे कुठंतरी. ही गोष्ट तू मनात ठेव, भांडणात काढू नको. पंचफुलाबाईंना हरवून आपल्याला काय करायचं. त्यांनीच तर लेकरू धरायचं आहे.

रागावली असशील तर राग. पण आधी डॉक्टरकडे जा.

तुझी,
मावशी

*

दारव्हा,
दि. २६ मार्च २०२५

आदरणीय पंचफुलाबाई यांना,

वच्छलाचा जयभीम. आपण विहिणी, पण कधी निवांत बोललो नाही. लग्नात तुम्ही पंगतीत आणि मी सावली शोधत होते.

समीक्षाचा काल फोन आला. स्पीकरवर नव्हता, म्हणून सगळं कळलं. डॉक्टरांनी मलम दिलं, फोड सुकत आहेत, बाळी झोपू लागली, हे ऐकून बरं वाटलं. मलम तुम्हीच लावता आणि लावताना रडता, हेही ती म्हणाली. रागावू नका तिच्यावर, तिनं चांगल्या मनानं सांगितलं.

रविवारी नाव ठेवायचं आहे. अंगणात मांडव, भर दुपारी पाहुणे, आणि पाळणा मांडवाच्या मधोमध. समीक्षा म्हणाली आत ठेवू, तर तुम्ही म्हणालात, "पोरगी झाकून ठेवली त लोकं म्हनतीन, काहीतरी लपवून राह्यले." तुमच्या या बोलण्यावर मी रात्रभर विचार केला. तुमचं खोटं नाही. लोक म्हणतील.

पण मांडवाचं कापड पातळ असतं, बाई. त्याखाली तुम्हाआम्हाला सावली वाटते, तिला नाही.

तुमच्या मनात खोट नव्हती हे मला माहीत आहे. माझ्या आईनंही मला असंच तेल चोळून उन्हात निजवलं होतं, रंग यावा म्हणून. पुढं मी स्वतःच वर्षानुवर्षं रानात उन्हात राहिले. उन्हानं रंग चढत असता तर पंचफुलाबाई, आज दारव्ह्यात माझ्याहून काळी बाई सापडली नसती.

उन्हानं काय होतं ते मी अंगावर घेऊन बसले आहे. चार महिने कानावर पदर ओढून बसले, फोनवर पट्ट्याच्या गोष्टी सांगितल्या, पोटच्यासारखी वाढवलेली पोर बाळंत झाली तरी तोंड दाखवलं नाही. त्याला लपवणं म्हणतात. ते मी केलं आणि त्यानं कोणाचंही भलं झालं नाही. लेकराला सावलीत ठेवणं हे वेगळं आहे. ते माणसांपासून नाही, उन्हापासून आहे.

मी रविवारी येते. पहाटेच्या जीपनं निघते म्हणजे ऊन चढायच्या आत पोचेन. राजदीप सोबत आहे. कानावरची पट्टी घरी ठेवून येणार आहे आणि पदरही खांद्यावरच राहील. तुम्ही आधी मला आत न्या आणि नीट पाहा. जवळून पाहा, हात लावून पाहा, दुखत नाही आता. पाहून झालं की पाळणा कुठं बांधायचा ते तुम्हीच ठरवा. घर तुमचं आहे, नात तुमची आहे.

आणि लोकांची काळजी करू नका. मला ओसरीत, सावलीला, पण अगदी समोर बसवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेन अशी. ज्याला पाहायचं त्यानं मला पाहावं, काय विचारायचं ते मला विचारावं. नाव तुम्ही निवडलं ते सुंदरच असेल. त्या नावानंच तिला सगळ्यांनी हाक मारावी. आणि त्या दिवशी मांडवात कोणी 'भुरी' म्हणून हाक मारलीच, तर तुम्ही मान खाली घालू नका. 'ओ' मी देईन.

तुमची विहीण,
भुरी