होडीचा विमा आणि रतनबाईंचा पाय

११ नोव्हेंबर, मंगळवार

रतनबाई पडल्या. धरणाच्या पाण्यापलीकडच्या धनगरवस्तीवरच्या. आमच्याच होडीतून बाजाराला येत होत्या. होडी काठाला लागली, त्या फळीवरून उतरायला लागल्या, पाय घसरला — थेट खडकावर. मांडीचं हाड मोडलं म्हणतात. यांनी आणि त्यांच्या सुनेनं, राजनंदिनीनं, जीपमध्ये घालून भोरला नेलं.

हे घरी आल्यावर विचारलं तर, "फळी ओली हुती." बास. जेवले नाहीत.

१२ नोव्हेंबर

होडीची पॉलिसी काढून मी वाचायला बसले. सगळं इंग्रजी. शेवटी एजंट गोरखला फोन लावला.

"वैनी, विमा होडीचा हाय. बुडाली, जळाली, इंजिन चोरीला गेलं तर मिळंल. माणसाचं त्यात न्हाई. फॉर्मवर तुमीच लिवलंय, स्वतःच्या वापरासाठी. भाड्यानं माणसं बसवता ह्ये कंपनीला ठावंच न्हाई. बाई कोर्टात गेली तर तुमचं तुमी बघा."

आम्ही लिहिलं म्हणे! फॉर्म भरला त्यानं, आम्ही सह्या केल्या. तसं लिहिलं की हप्ता कमी बसतो म्हणाला होता. आम्हीही मान डोलावली, हेही खरंच.

रतनबाई कोर्टात गेल्या तर होडी विकावी लागेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भोरला गेले होते. गोरखच्या ऑफिसातून राजनंदिनी बाहेर पडली. मला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून भराभर निघून गेली. सासू दवाखान्यात, आणि हिचं विमा एजंटकडे काय काम?

गोरखला विचारलं. "काय न्हाई, असंच."

असंच! त्यानंच शिकवलं असणार तिला. दोन्हीकडून खाणारा माणूस.

१५ नोव्हेंबर

वस्तीवरची माणसं होडीत बसतात, उतरतात. आमच्याशी बोलत नाहीत. का मलाच तसं वाटतंय?

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे आज बोलले. चहा घेताना, माझ्याकडे न बघता. "दोर बांधला न्हवता. फेरीची घाई हुती, इंजिन चालूच ठेवलं. होडी मागं सरली आन फळी सुटली."

इतके दिवस पोटात ठेवलं. मी विचारलं, रतनबाईंना कळलंय का?

"पडताना माझ्याकडं बघितलं त्यांनी."

म्हणजे कळलंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रतनबाईंना घरी नेलं. पायात सळई घातलीय. चौघांनी खाटेवरून होडीत ठेवलं. राजनंदिनीकडे दवाखान्याच्या कागदांची पिशवी होती. मी धरते म्हणून हात पुढे केला, तर तिनं पिशवी छातीशी धरली.

कोर्टाचीच तयारी, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर

एक कागद लिहिला. 'मी माझ्या चुकीने पडले. होडीवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही.' तीनदा लिहून पाहिला. 'माझ्या चुकीने'पाशी दर वेळी हात अडतो. यांना दाखवला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वस्तीवर जाऊन आले. रतनबाई पडवीत खाटेवर. वाळल्यात. "ये साधना, बस. नंदे, च्या टाक." मी कागद काढून वाचायला लागले.

"वाचतीस कशाला? अंगठा कुठं उठवायचा त्ये सांग."

उठवला. बोटाची शाई लुगड्याला पुसली आणि सोमनाथ जेवतो का नीट, म्हणून यांचं विचारलं.

चहा मला अर्धाच गेला. परतताना एकच डोक्यात — इतक्या सहज? अंगठा आज दिला, उद्या त्याच्या बदल्यात काय मागणार?

२६ नोव्हेंबर

राजनंदिनी पिशवी घेऊन दारात. डॉक्टरनं परत कधी बोलावलंय तेवढं वाचून द्या म्हणाली. पहिल्याच कागदावर मराठीत लिहिलेलं — घराच्या पायरीवरून पडल्या.

हे कुणी सांगितलं, विचारलं.

"आत्यांनी. डाक्टरनं इचारल्याबरुबर. होडीचं नाव घेतलं तर होडी बंद करत्याल, मग वस्तीनं जायाचं कुठनं, म्हणल्या. म्या भ्याले. खोटं लिवलं म्हणून आमाला तुरुंग हुतो का, त्ये गोरखभाऊला इचारून आले." मग हळूच, "कुणाला बोलू नका, वैनी."

पुढची तारीख दोन डिसेंबर. मी तेवढीच मोठ्यानं वाचली.